बांधावर मोठ्यानं

आमच्या घरात देवाशी मोठ्यानं बोलतात. हे मी मुरबाडच्या कॉलेजात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

घराच्या मागच्या पडवीतून उतरलं की आमचं भाताचं खाचर लागतं. पहिल्याच बांधाच्या कोपऱ्यावर ऐनाचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. त्याला देऊळ नाही, घंटा नाही. नाव असलंच तर ते बाबांनाही माहीत नाही. आम्ही त्याला बांधावरचा देव म्हणतो. माझ्या लहानपणापासून बाबा रोज सकाळी कामाला निघण्याआधी तांब्याभर पाणी घेऊन तिथं जायचे, दगडावर पाणी घालायचे आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसे त्याच्याशी बोलायचे. घरात कोण आहे, आज कोण कुठं चाललंय, कुणाचं काय दुखतंय, हे सगळं. मागायचं फार नसायचं. सांगायचंच जास्त.

"आज वाशिंदला चाललोय, कंपनीत माल उतरवायचाय. बाय शाळेत चाललीय. तिच्या आईचे गुडघे दुखतात, तिला जरा बघ. काल भावाला शिवी दिली, ती माजी चूक. पण बांध त्यानंच कोरला."

चुलत्याचं घर आमच्या खाचराला लागूनच आहे. तिकडून भांडी घासता घासता काकी ओरडायची, "आमी नाय कोरला! देवाला खोटं सांगू नका भावजी!"

बाबा तिच्याकडं वळायचे नाहीत. दगडालाच म्हणायचे, "ऐकलंस ना? तिचंबी ऐक."

नियम दोनच होते. मोठ्यानं बोलायचं आणि खरं बोलायचं. मी सातवी-आठवीत असताना एकदा बाबांना म्हटलं होतं, की बाई सांगतात देवाला मनातलं कळतं. बाबा हसले. म्हणाले, "कळत असंल. पण आपल्याला कुठं कळतं आपल्या मनातलं? बोललं का कळतं."

तेव्हा मला ते बोलणं आवडायचं. दहावीनंतर लाज वाटायला लागली. वाडीतून कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिलीच. तिथल्या मुली पेपरच्या आधी डोळे मिटायच्या, ओठ हलवायच्या, मोबाईलच्या मागच्या देवाच्या फोटोला बोट लावायच्या. किती नीटनेटकं होतं ते. मीही तसंच करायला लागले. एकदा वर्गातली मैत्रीण सुट्टीत घरी येते म्हणाली, तर मी काहीतरी सांगून टाळलं. तिनं सकाळी उठून बाबांना झाडाखाली ओरडताना ऐकलं असतं.

मागच्या मार्गशीर्षात, झोडणी संपून भात कणगीत भरलं आणि चार-पाच दिवसांत बाबांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. ठाण्याच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा पायात थोडा जीव आला होता. काठी घेऊन चालता येत होतं. वाचा आली नाही. समजतं सगळं, पण तोंडातून "अ… अ…" एवढंच निघतं.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ते डाव्या हातात काठी घेऊन बांधावर गेले. आई मागून तांब्या घेऊन गेली. मी पडवीत उभी राहून बघत होते. आईनं पाणी घातलं. बाबांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला, तो मला अजून आठवतो. गुराच्या गळ्याला दावं आवळल्यावर जसा निघतो तसा. मी आत निघून गेले. काकीच्या घरात त्या वेळी भांड्यांचा आवाज थांबला होता.

परत येऊन बाबा ओटीवर भिंतीकडं तोंड करून बसले. जेवले नाहीत.

संध्याकाळी आई मला म्हणाली, "उद्यापासून तू सांग."

"मी? तू सांग की."

"मी या घरात नांदाय आले. माजं तुळशीजवळ. बांधावरचा या घरात जन्मलेल्याचा आवाज वळखतो." मला भाऊ-बहीण नाही, चुलता वेगळा झालेला. म्हणजे घरात जन्मलेली बोलणारी मी एकटीच.

"माझी गाडी असते सकाळी."

आईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "गाडी त्यांचीबी असायची गो."

शेणव्याहून मुरबाडला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर सकाळी थांबते. ती चुकली तर जीप बदलत जावं लागतं आणि पहिलं लेक्चर जातं. दुसऱ्या दिवशी मी पाठीला बॅग लावूनच बांधावर गेले. बाबा काठी टेकत मागून आले. मी पाणी घातलं, डोळे मिटले, हात जोडले आणि कॉलेजातल्या मुली करतात तसं मनातल्या मनात बोलले. देवा, बाबांना बरं कर. सगळ्यांना सुखी ठेव. डोळे उघडले तर बाबा ऐनाला टेकून, काठी काखेत धरून, कानाला हात लावून उभे होते. ऐकू आलं नाही, अशी खूण.

मी बोलायचा प्रयत्न केला. घसा खाकरला. आवाज निघाला तो भाषण स्पर्धेतला. "हे देवा, आमच्या कुटुंबावर तुझी कृपादृष्टी असू दे. आम्हाला सद्बुद्धी दे—"

काकी घमेलं घेऊन कुंपणापाशी आली होती. ती हसली नाही, पण म्हणाली, "देवाला अर्ज करतेस काय गो? सही-शिक्काबी मार मग."

तिच्या मागं विहिरीवर चाललेल्या दोघी होत्या. त्या मात्र हसल्या. मी तांब्या बांधावरच ठेवला आणि फाट्याकडं पळाले.

हळूहळू जमायला लागलं. जमायला म्हणजे उरकायला. बाबांनी डाव्या हातानं खुणा बसवल्या होत्या. कपाळाजवळ दोन बोटं धरली की बैल. तळहात जमिनीकडं करून फिरवला की राब, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ते काम. गुडघ्यावर थाप मारली की आई. आणि हवेत बोटानं लिहिलं की माझं कॉलेज. ते खूण करायचे, मी वाक्य बोलायचे. "बैल बरे हायेत. राबाला पाला आणायचाय. आईचे गुडघे दुखतात." शेवटी माझं ठरलेलं वाक्य, "बाबांचं बरं चाललंय, घरात सगळं बरं हाय." बोलताना माझी नजर मोबाईलमधल्या वेळेवर असायची. आवाज मी इतका खाली आणला होता की बाबांना जेमतेम ऐकू जाईल, कुंपणापलीकडं जाऊ नये.

एकदा बोलत असतानाच मैत्रिणीचा फोन आला. मी उचलला. तेवढ्यात बाबांनी मला पुढं बोलायची खूण करून "अ… अ…" केलं.

"कसला आवाज येतोय गं?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. घरी जरा काम चाललंय. बैल आहे."

हे बाबांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी राहून मी बोलले. त्यांना सगळं समजतं, हे मी वर लिहिलं आहे. फोन बंद केला तेव्हा ते दगडाकडं बघत होते. मी घाईनं "सगळं बरं हाय देवा" म्हटलं आणि निघाले. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली होती तरी पूर्ण रस्ता मला बाहेर बघवलं नाही. संध्याकाळी माफी मागायची ठरवलं होतं. घरी आले तर बाबा शांतपणे चहा पीत होते. मला धीर झाला नाही.

पण याहून वाईट गोष्ट दुसरी होती आणि ती रोज घडत होती.

जानेवारीत माझा निकाल लागला होता. केमिस्ट्री आणि गणित, दोन्हींत मी नापास. केटी लागली, म्हणजे ते पेपर परत द्यायचे. बाबा दवाखान्यातून नुकतेच आलेले, आई दिवसभर त्यांच्यामागं, म्हणून मी घरात सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं. नंतर ते अवघडच होत गेलं. आता बांधावर बाबा रोज हवेत बोटानं लिहायचे आणि मी रोज म्हणायचे, "माझा अभ्यास चांगला चाललाय."

मी मनात याचा हिशोब असा लावला होता की हे काही माझं बोलणं नाही. मी बाबांच्या जागी बोलतेय. त्यांना असंच वाटतं, तर त्यांच्या वतीनं हे खरंच आहे. कॉलेजात शिकून माणूस असा विचार करायला शिकतो, हे मला माहीत नव्हतं. पण एवढं मला कळत होतं की ज्या माणसानं भावाला दिलेली शिवीसुद्धा देवापासून लपवली नाही, त्याची वाचा माझ्या हातात आली होती आणि मी तिनं खोटं बोलत होते.

आणखी एक होतं. माझं बोलून झालं, मी तांब्या उचलला, की बऱ्याचदा बाबांचा हात परत वर यायचा. काहीतरी राहिलेलं असायचं. मी म्हणायचे, "राहू दे बाबा, उद्या सांगू. गाडी चुकेल." हात खाली जायचा.

केटीचा पहिला पेपर एप्रिलमध्ये आला. दुपारचा होता, पण सकाळच्या एसटीनं जाऊन कॉलेजात वाचत बसायचं मी ठरवलं होतं. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल आहे. आदल्या दिवशी आमचा राब भाजून झाला होता. सगळीकडं काळी राख आणि जळक्या पाल्याचा वास. काकी आणि तिच्याबरोबर वाडीतल्या दोन बायका आमच्याच बांधावरून त्यांच्या राबाकडं निघाल्या होत्या. ऐनाच्या सावलीत टेकल्या होत्या. मी म्हटलं, आज तर सगळं आणखी लवकर उरकू.

पाणी घातलं. बैलांचं सांगितलं. राब नीट भाजला, वारा नव्हता, हे सांगितलं. आईच्या गुडघ्यांचं सांगितलं. मग बाबांनी हवेत बोटानं लिहिलं.

"अभ्यास चांगला चाललाय."

त्यांनी परत लिहिलं. कदाचित मी प्रॅक्टिकलला निघालेय म्हणून असेल. त्यांना वाटलं असेल, आज नीट सांग, आज तुझं महत्त्वाचं आहे. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर अशी आशा होती की मला ते वाक्य दुसऱ्यांदा बोलता येईना. जीभच वळेना. मला आठवतंय, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं की बाबांना रोज असंच होतं.

"देवा," मी म्हटलं, आणि आवाज फाटला, म्हणून मोठा निघाला. "मी दोन विषयांत नापास झालेय. जानेवारीतच. घरात सांगितलं नाय. आज प्रॅक्टिकल नाय, दुपारी त्यातलाच पेपर हाय. रोज तुला खोटं सांगितलं."

काकी उठता उठता तशीच थांबली. दुसरी बाई तिला म्हणाली, "काय झालं गो?" आणि काकीनं तिला हातानं गप्प केलं.

मला बाबांकडं बघायची हिंमत नव्हती. त्यांची काठी दिसत होती आणि राखेनं काळे झालेले पाय. मला वाटलं ते वळून घरी जातील. रागानं आवाज करतील. काहीच झालं नाही. मान वर केली तर त्यांचा डावा हात अजून हवेत होता. मग त्यांनी तो सावकाश छातीवर ठेवला आणि मान हलवली. पोचलं, अशी.

फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला. वळणावर वाजवतात तो. पळाले असते तर मिळाली असती. मी तांब्या उचलला.

बाबांचा हात वर आला.

"बाबा, गाडी—" माझ्या तोंडातून निघालंच. सवयीनं.

"ए बाय," काकी म्हणाली. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हळू बोलली. "रोज बघते मी. बैलांचं सांगतेस, आईचं सांगतेस, आज तुजंबी सांगितलंस. तुज्या बाचं कवा सांगायचं?"

मी म्हणणार होते की सांगते ना रोज, बरं चाललंय म्हणून. म्हटलं नाही. ते वाक्य बाबांनी एकदाही खूण करून सांगितलेलं नव्हतं. ते माझं होतं. उरकायचं वाक्य.

मी तांब्या खाली ठेवला. "बाबा, तुमचं काय सांगू?"

त्यांनी स्वतःच्या तोंडाकडं बोट केलं. मग दगडाकडं. मग काठी उचलली आणि जमिनीवर आपटली. जोरात. परत आपटली. राख उडाली. त्यांचा तोल जायला लागला तशी मी त्यांना धरायला गेले, तर त्यांनी मला कोपरानं ढकललं आणि पुन्हा दगडाकडं काठी केली. डोळे भरून आले होते, पण ते रडणं नव्हतं. हे मी लहानपणी बघितलं होतं, बाबा चुलत्याशी बांधावरून भांडायचे तेव्हा.

"रागावलात?" मी विचारलं. "देवावर?"

त्यांनी मान हलवली. हो. परत परत, हो.

इतके महिने मी रोज या दगडापुढं उभी राहून या माणसाच्या वतीनं सांगत होते की सगळं बरं आहे. आणि ते रोज शेजारी उभे राहून ते ऐकत होते. त्यांचं भांडण होतं आणि ते भांडायला त्यांच्याकडं फक्त मी होते आणि मला गाडी पकडायची होती.

मी दगडाकडं वळले. देवावर रागावल्याचं कसं सांगतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मग मी बाबा बोलायचे तसं बोलले.

"देवा, बाबा तुज्यावर रागावलेत. त्यांनी तुला रोज सांगितलं, एक दिवस चुकवला नाय. तापात आले, पावसात आले. आणि तू त्यांची वाचाच नेलीस. का नेलीस? त्यांना उत्तर पायजे. आणि मी त्यांचं तुला कधी सांगितलं नाय, ती माजी चूक."

शेवटचं कुणी खूण करून सांगितलं नव्हतं.

काकीच्या बरोबरच्या बाईनं हळूच हात जोडले. बाबा ऐकत होते, मान थोडी वाकडी करून, जसं रेडिओवर आपल्या गावाचं नाव येतंय का ते ऐकावं. बोलून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मग काठी बाजूला टाकली आणि डाव्या हातानं बांध धरून खाली बसायला लागले. मी त्यांना बसवलं.

एसटी आली, थांबली आणि गेली. सगळं ऐकू आलं.

"जीप मिळंल गो," काकी घमेलं उचलत म्हणाली. "दुपारचा पेपर हाय ना? मंग जा निवांत." मग दोन पावलं जाऊन वळली. "आणि आईला घरात जाऊन तूच सांग. मी सांगितलं तर तिला जास्त लागंल."

आईला मी सांगितलं. आई खूप बोलली. नापास झाल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल. वाडीतल्या बायकांच्या आधी तिला कळायला पाहिजे होतं, हे तिनं पुनःपुन्हा ऐकवलं. ते बरोबरच होतं. मग मी जीप बदलत मुरबाडला गेले. पेपर बरा गेला की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही. निकाल अजून यायचा आहे.

लोक म्हणतात, देवासाठी थोडा वेळ काढावा. कॉलेजात मुलीही म्हणतात, सकाळी पाच मिनिटं शांत बसलं की बरं वाटतं. मला त्या दिवशी बरं वाटलं नाही. जीपमध्ये बसले तेव्हाही नाही. मी पाच मिनिटंच काढत होते, रोज, एकही दिवस न चुकता, आणि त्यातच सगळं वाईट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग घरात ठेवून बांधावर गेले. बैल, आई, माझं कॉलेज, सगळं झालं. मग बाबांनी काठी आपटली. कालच्यासारखीच. मी म्हटलं, "देवा, बाबा अजून रागावलेलेच हायेत." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. आई एकदा पडवीतून म्हणाली, "किती दिवस भांडणार तुमी?" बाबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आता पेरण्या जवळ आल्यात. ते अजून काठी आपटतात, काही दिवस जोरात, काही दिवस नुसती टेकवल्यासारखी. किती जोरात आपटली त्यावरून मी माझा आवाज ठरवते. काल चुकून मी जरा हळू बोलले, तर त्यांनी मला थांबवलं आणि कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितलं. आमच्या बांधावरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला आणि मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, अजून वाटते. पण वाक्य पूर्ण केलं.